गोधडीची ऊब: विरलेले लुगडे, अनेक हात आणि परक्याचे अंथरूण

वापरून वापरून विरलेले सुती लुगडे थंडीच्या रात्री एकेरी पांघरले तर ते असून नसल्यासारखेच असते; परंतु त्याच लुगड्याचे चार पदर एकावर एक घालून त्यांवर हाताने धावदोरा भरला की त्याची गोधडी होते आणि तिच्याखाली माणूस पहाटेपर्यंत निर्धास्त झोपतो. चार पदरांचे वजन आणि गोधडीचे वजन यांत रिळातल्या दोऱ्याएवढाच फरक असतो, मग ही जास्तीची ऊब कुठून येते, हे पहिले कोडे. दुसरे कोडे माणसांच्या व्यवहारातले आहे. जुना वापरलेला कपडा कोणाला द्यायचा म्हटले की देणाऱ्यालाही संकोच वाटतो आणि घेणाऱ्यालाही. पण आजीच्या लुगड्याचे दुपटे, म्हणजे तान्ह्या बाळाला गुंडाळण्याची लहान गोधडी, बाळंतविड्यात झबल्या-टोपड्यांच्या बरोबरीने मानाने ठेवले जाते. ही दोन कोडी वरवर निरनिराळी दिसली तरी दोन्हींची उत्तरे गोधडीच्या रचनेतच आहेत, आणि शिवणाची आवड घरात, शेजारात वाटून घ्यायची असेल किंवा शिवलेली वस्तू गरजूपर्यंत पोहोचवायची असेल तर ही रचना समजून घेणे फार उपयोगाचे ठरते.

ऊब कापडात नसते, हवेत असते

निवांत झोपलेल्या प्रौढ माणसाचे शरीर साधारण ७० ते ८० वॅट इतकी उष्णता सतत बाहेर टाकत असते. पांघरूण स्वतः उष्णता निर्माण करत नाही. शरीरातून निघालेली उष्णता बाहेर पडण्याचा वेग कमी करणे एवढेच त्याचे काम. या कामात कापसाच्या धाग्यापेक्षा हवेचा वाटा मोठा आहे. स्थिर हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक असून तिची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्याच्या विसाव्या भागाहूनही कमी आहे. अट एकच, ती म्हणजे हवा स्थिर राहिली पाहिजे. मोकळी हवा तापली की हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी गार हवा येते आणि या फिरण्याबरोबर उष्णताही निघून जाते. या फिरण्याला अभिसरण म्हणतात. मात्र दोन कापडांमधली फट काही मिलिमीटरचीच असेल तर तिच्यातल्या हवेला कापडाच्या पृष्ठभागाचा अटकाव होतो, तिला फिरायला वाव मिळत नाही आणि ती जागच्या जागी राहते.

एकेरी लुगड्याखाली अशा हवेचा एकच थर असतो आणि अंग वळवले की तोही मोडतो. चार पदरी गोधडीत अंग आणि पहिला पदर यांच्यामधला थर धरून हवेचे चार थर एकावर एक येतात. म्हणून तितक्याच वजनाचे एकच जाड कापड गोधडीएवढे उबदार ठरत नाही. पदर वाढवले की ऊब वाढते हे खरे, परंतु वरचे पदर खालच्यांना दाबू लागले की मधली हवा निघून जाते आणि प्रत्येक नव्या पदराचा फायदा घटत जातो. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात तीन-चार पदर पुरतात, साताऱ्याकडच्या डोंगराळ गावात सहा-आठही लागतात.

गोधडीत गुदमरल्यासारखे का होत नाही, याचे कारण मात्र कापसाकडे जाते. झोपेतही अंगातून वाफ निघत असते. २० अंश सेल्सियस तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेत कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के इतका ओलावा ओला न भासता धरून ठेवतो. पॉलिएस्टरच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ०.४ टक्के आहे. पॉलिएस्टरच्या साड्यांची शिवलेली गोधडी दिसायला झगझगीत होते आणि टिकतेही, पण मुंबईच्या दमट हवेत ती अंगाला चिकटते.

जुनेच कापड का हवे

गोधडीला जुने कापड घेतात ते काटकसर म्हणून, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. नवे सुती कापड मागावर ताणून विणलेले असते आणि त्याला खळ दिलेली असते, म्हणजे सूत तुटू नये म्हणून त्यावर पिठुळ लेप चढवलेला असतो. असे कापड प्रथम पाण्यात पडले की त्याचे धागे फुगून जाड होतात. उभ्या धाग्याला आता अधिक जाड झालेल्या आडव्या धाग्याला वळसा घालून जावे लागते, त्यात त्याची लांबी खर्ची पडते आणि कापड आटते. नव्या आणि जुन्या कापडांचे पदर एकत्र शिवले तर पहिल्याच धुण्यात नवे पदर आटतात, जुने तसेच राहतात आणि गोधडीला चुण्या पडतात. कित्येक वर्षे धुतलेल्या लुगड्याचे आटणे केव्हाच आटोपलेले असते, खळ निघून गेलेली असते, धाग्यांचा पीळ सैलावलेला असतो आणि म्हणून ते मऊ असते. कापसाचा आणखी एक गुण येथे कामी येतो: ओला झाल्यावर तो कमकुवत न होता उलट अधिक बळकट होतो, त्यामुळे शेकडो धुण्यांतून गेलेल्या कापडातही पुढची काही वर्षे निभावण्याइतका दम शिल्लक असतो.

धावदोरा काय करतो

सुई खाली-वर, खाली-वर अशी सरळ नेली की जी शिवण होते तो धावदोरा. शिवणातला हा सर्वांत सोपा टाका, आणि गोधडी पूर्णपणे त्याच्यावर उभी आहे. त्याची कामे तीन आहेत.

पहिले काम पदर जागेवर धरण्याचे. नुसते एकावर एक घातलेले पदर झोपेत सरकतात आणि सकाळपर्यंत त्यांचा बोळा होतो. दोन-दोन बोटांच्या अंतरावर टाक्यांच्या ओळी पडल्या की पदर सरकत नाहीत. दोन ओळींच्या मधला भाग किंचित फुगलेला राहतो आणि हवा तिथे टिकते. ओळी फार दाट घातल्या तर गोधडी सपाट आणि कडक होते, फार विरळ घातल्या तर पदर ढिले पडतात. या दोहोंमधले अंतर अनुभवी बाई पट्टीने न मोजता तर्जनी आणि मधले बोट टेकवून ठरवते.

दुसरे काम ताण वाटून घेण्याचे. विसर्जनाच्या मिरवणुकीत गणपतीच्या गाडीचा दोर शेकडो हातांत असतो, म्हणून कोणा एकाच्या खांद्यावर भार येत नाही. गोधडी ओढली, झटकली, पिळली जाते तेव्हा तो ताणही असाच हजारो टाक्यांत विभागला जातो आणि विरलेल्या कापडाच्या कोणत्याही एका जागेवर तो फाडण्याइतका साचत नाही. एखाद्या ठिकाणी कापड फाटलेच तर फाट पुढे सरकत जाते ती पुढच्या टाक्याच्या ओळीपर्यंत, आणि तिथे खालच्या धड पदरांचा आधार मिळून ती थांबते.

तिसरे काम लवचिकपणा राखण्याचे, आणि हातशिवण व यंत्रशिवण यांतला फरक येथे लक्षात येतो. एलियस हाउ यांनी १८४६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या शिवणयंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे कापडाच्या जाडीत एकमेकांना अडकतात. तो टाका पक्का असतो, पण प्रत्येक टाका जागच्या जागी आवळलेला असल्यामुळे ताण आला की हलत नाही. नव्या कापडाला हे चालते, विरलेल्याला तोच दोरा कापू लागतो. धावदोऱ्यात एकच दोरा असतो आणि तो कापडातून थोडा सरकू शकतो. हातशिवणीची गोधडी धुऊन धुऊन अधिक मऊ होत जाते ती त्यामुळेच. घाई असेल तेव्हा कडा यंत्रावर मारून मधला भाग हाताने भरावा, हा तोडगा वाईट नाही.

पुष्कळ गोधड्यांत टाके कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन घालत मध्याकडे जातात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळ भागात सिद्दी समाजाच्या स्त्रिया जी कवंदी नावाची गोधडी शिवतात, तिच्यातही काम कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने फिरत आत जाते आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुले लावली जातात. चौकटीवर न ताणता जमिनीवर पसरून शिवायचे असल्याने आधी कडा बांधून घेणे सोयीचे पडते.

करी रोडची गोधडी

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, करी रोड आणि लोअर परळ हा पट्टा गिरणगाव झाला. कोकणातून, साताऱ्याहून, कोल्हापुराकडून आलेल्या कामगाराच्या ट्रंकेबरोबर एक गोधडी हमखास असे. घाटावरची माणसे तिलाच वाकळ म्हणत. करी रोड स्थानकाजवळच्या ना. म. जोशी मार्गावरील, म्हणजे जुन्या डिलाईल रोडवरील, बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची असे. एकट्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेल्या गाळ्यांत तर एक पाळी कामावर गेली की त्याच जागी दुसऱ्या पाळीची माणसे झोपत. पलंगाला जागा नव्हती आणि गादी दिवसा ठेवायची कुठे हा प्रश्न होता. गोधडी घडी होऊन फळीवर जाई. अंथरायला तीच, पांघरायला तीच.

जे गाव दिवसभर कापड काढत होते त्याच गावाचे अंथरूण जुन्या कापडाचे होते, ही गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. गिरण्यांत स्त्रियांना काम मिळे ते मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामावर. पीळ सैल आहे की घट्ट, सूत कच्चे आहे की पक्के, हे त्यांच्या बोटांना कळत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या आणि सुमारे अडीच लाख कामगार सामील झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा अनेक घरांचा आधार शिवणयंत्र झाले. साडीला फॉल लावणे, पिको करणे, परकर-ब्लाउज शिवणे यांवर चाळीतल्या बायकांनी घरे चालवली. बायकांना शिवणकाम शिकवून स्वतःच्या पायावर उभे करण्याचा विचार मुंबईत त्याच्या कितीतरी आधीचा आहे. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनाने तो संस्थेच्या रूपात आणला होता.

गोधडी मात्र गिरण्या बंद पडण्याच्या याच काळात मागे पडत गेली. सुती लुगड्यांची जागा नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्यांनी घेतली, आणि उरलेली जुनी कापडे बोहारणीकडे जाऊन त्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी येऊ लागली. यात कोणाला बोल लावण्याचे कारण नाही. संसाराला पातेले लागतेच. परंतु शिवण पोटासाठी झाले तेव्हा हौसेचे आणि मायेचे शिवण बाजूला पडले, आणि गोधडी घालण्याचे ज्ञान एका पिढीतच आजीच्या हातापुरते उरले. ते शिकून घेण्याची वेळ अजून गेलेली नाही.

सगळ्यांना काम देणारी वस्तू

ब्लाउज शिवायचा तर मापे घेणे, बेतणे, कापणे, शिवणे ही सारी कामे एका कुशल हातालाच करावी लागतात. मदतनीस फार तर काजे-बटणे करतो. गोधडीची कामे निरनिराळ्या वकुबाच्या माणसांना एकाच वेळी वाटून देता येतात. कापड उन्हाकडे धरून कुठे जीव उरला आहे आणि कुठे नाही हे ओळखणे हे जुन्याजाणत्या माणसाचे काम, त्याला बारीक नजर नसली तरी बोटांची पारख पुरते. जुन्या शिवणी उसवणे, हुक-बटणे काढणे आणि पट्ट्या फाडणे हे शाळकरी मुलांचे काम. पदर पसरून, सळ काढून, लांब लांब कच्चे टाके घालून ते एकत्र धरणे याला टाचणे म्हणतात आणि त्याला चार कोपऱ्यांना चार माणसे लागतातच. त्यानंतर चारही बाजूंनी चौघींना एकाच वेळी धावदोरा भरता येतो. एकीचा टाका लहान आणि दुसरीचा मोठा झाला तरी गोधडीच्या कामात काही बिघडत नाही, कारण टाक्याचे सारखेपण हा सौंदर्याचा भाग आहे, बळकटीचा नाही. नवशिक्याने पहिल्याच दिवशी घातलेला टाका वस्तूत कायम राहतो, तो उसवावा लागत नाही. शिवणाची गोडी लागण्यासाठी याहून चांगली सुरुवात नाही, आणि मुलग्यांना व पुरुषांनाही या कामात बसवावे, कारण दोरा सुईत ओवायला बाईचेच हात लागतात असे काही नाही.

जाड पदरांतून सुई काढताना बोटाला इजा होते म्हणून बोटात धातूची टोपी, म्हणजे अंगुस्तान, घालावे आणि दोऱ्यावर मेण ओढून घ्यावे. मेणाने दोऱ्याचे तंतू बसतात, गाठी कमी पडतात आणि दोरा घासून तुटत नाही. नऊवारी लुगडे साधारण सव्वाआठ मीटरचे असते. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे केले की एकट्या माणसाची चार पदरी गोधडी एका लुगड्यात बसते; वर आणि खाली धड भाग ठेवून फाटके भाग मध्ये घालावेत.

परक्यासाठी शिवताना

करी रोडपासून साधारण दोन किलोमीटरच्या आत मुंबईतली चार मोठी रुग्णालये आहेत: १९२६ मध्ये सुरू झालेली केईएम आणि वाडिया प्रसूतिगृह, १९२९ चे वाडिया बाल रुग्णालय आणि १९४१ चे टाटा स्मारक रुग्णालय. येथे देशभरातून रुग्ण येतात, आणि उपचार लांबले की सोबतच्या नातेवाइकांना पदपथावर पथारी पसरावी लागते, हे दृश्य परळमध्ये रोजचे आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे आणि तिथे टाटा रुग्णालयात आलेल्या कर्करुग्णांची व त्यांच्या माणसांची राहण्याची सोय होते. १८७६ ते १९५६ असे आयुष्य लाभलेल्या या संताला अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रामुळे लोक गोधडे महाराज म्हणत.

अशा ठिकाणी जुने कपडे देण्याऐवजी गोधडी का द्यावी, याचे उत्तर साधे आहे. सदऱ्याला माप असते, साडीला नेसण्याची रीत असते, कपड्याला स्त्री-पुरुषाचा आणि प्रांताचा भेद असतो. घेणाऱ्याच्या गरजेशी यांतले काही जुळले नाही की कपडा वाया जातो. २००४ च्या सुनामीनंतर तमिळनाडूत मदत म्हणून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले, आणि १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी स्थापन केलेल्या गूंज या संस्थेला ते उचलून, निवडून पुन्हा कामाचे करावे लागले. गोधडीला माप नसते. ती कोणत्याही अंगाला पुरते, अंथरता येते, पांघरता येते, सामान बांधता येते. शिवाय तिच्यावर कोणी तरी बरेच दिवस काम केलेले डोळ्यांना दिसते, आणि त्यामुळे घेणाऱ्याला ती टाकून दिलेली वस्तू वाटत नाही. बाळंतविड्यातल्या दुपट्याला मान मिळतो तो याचसाठी. अमेरिकेत १९९५ मध्ये सुरू झालेल्या प्रोजेक्ट लायनस या उपक्रमातून आजारी मुलांना हाताने केलेली पांघरुणे दिली जातात. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या स्त्रियांनी रेड क्रॉसमार्फत ब्रिटनमधल्या बेघर झालेल्या कुटुंबांसाठी गोधड्या शिवून पाठवल्या होत्या. शेजारपाजारच्या बायका एकत्र बसून अनोळखी माणसासाठी शिवतात, हे सर्वत्र घडत आले आहे.

मात्र चांगला हेतू पुरेसा नसतो. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती उतरलेली असते आणि त्याच्याजवळ जाणाऱ्या कापडाची स्वच्छता ही औषधाइतकीच महत्त्वाची असते. म्हणून रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला किंवा धर्मशाळेच्या व्यवस्थापनाला आधी विचारावे, काय हवे आणि किती हवे ते समजून घ्यावे, आणि मगच कापड काढायला बसावे.

चौकट: देण्याच्या गोधडीसाठी कापड आणि माप

कापड शुद्ध सुती घ्यावे. शंका असल्यास कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा: सूत कागदासारखे जळून भुरभुरीत राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.
रंग पक्का आहे का हे पाहण्यासाठी ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड घासावे. फडके रंगले तर ते कापड वापरू नये.
शिवण्याआधी सर्व कापडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत, शिवून झाल्यावर पुन्हा एकदा.
पदपथावर किंवा धर्मशाळेत राहणाऱ्यासाठी तीन ते चार पदर. अधिक जाड गोधडी उचलायला, धुवायला जड जाते.
तान्ह्या बाळाच्या दुपट्याला दोनच पदर. आतल्या बाजूला लोंबते दोरे ठेवू नयेत, कारण दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळून रक्तप्रवाह अडू शकतो. मणी, बटणे, टिकल्या नकोत. बाळ झोपलेले असताना त्याच्या तोंडाजवळ सैल पांघरूण ठेवू नये.

धुणे, वाळवणे, डागडुजी

गोधडीचा खरा शत्रू आतला ओलावा आहे. जिथली हवा ऊब देते तीच जागा धुतल्यानंतर पाणी धरते. वरचा पदर तासाभरात कोरडा लागतो, पण मधले पदर ओलेच राहतात, आणि मुंबईच्या पावसाळ्यात तिथे बुरशी धरून कुबट वास येतो. घाटावर नवरात्राच्या घटस्थापनेआधी घरातली सगळी अंथरुणे नदीवर नेऊन धुण्याची रीत आहे. पाऊस ओसरलेला असतो आणि ऊन कडक पडू लागते, म्हणून ही वेळ अचूक आहे. मुंबईत एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे दोन काळ धरावेत. वाळत घालताना गोधडी एका दोरीवर दुमडून न टाकता दोन दोऱ्यांवर पसरावी, म्हणजे मधून वारा जातो, आणि मध्यावर दोन्ही बाजूंनी तळवा दाबून गारवा लागत नाही ना हे पाहिल्याशिवाय घडी घालू नये.

वरचा पदर झिजला म्हणून गोधडी संपत नाही. त्याच्यावर दुसरे कापड पसरून, जुन्या ओळींच्या मधून नव्या ओळी घातल्या की जुनी गोधडी नव्या गोधडीचा आतला भाग होते. अशा कित्येक गोधड्यांच्या पोटात दोन-तीन पिढ्यांची लुगडी, धोतरे, पंचे निघतात. देण्यासाठी शिवलेल्या गोधडीच्या एका कोपऱ्यात म्हणूनच लहानसा खिसा शिवून त्यात एक सुई, थोडा दोरा आणि वीतभर सुती कापड ठेवावे. सुई टोचू नये यासाठी ती जाड कापडाच्या घडीत खुपसून ठेवावी, आणि दुपट्यात मात्र ती मुळीच ठेवू नये.